बायोफीडबॅक आणि न्यूरोफीडबॅक सर्टिफिकेशनची परीक्षा: सिग्नलचा माग धरून तयारी कशी करावी

बायोफीडबॅक म्हणजे शरीरातले सिग्नल पडद्यावर दाखवून माणसाला ते ताब्यात आणायला शिकवणं; मेंदूलहरींसाठी तेच केलं की न्यूरोफीडबॅक. या परीक्षेला बसणारी माणसं फार वेगवेगळ्या वाटांनी आलेली असतात. कुणी मानसशास्त्र शिकलेलं, कुणी फिजिओथेरपिस्ट, कुणी नर्स, कुणी समुपदेशक. प्रत्येकाची धास्ती वेगळी. मानसशास्त्राच्या माणसाला ओहमचा नियम दिसला की घाम फुटतो, फिजिओथेरपिस्टला मेंदूलहरींचे पट्टे आणि टाळूवरच्या (डोक्याच्या कातडीवरच्या) जागांची नावं डोक्यात बसत नाहीत, तर शरीरशास्त्र पक्कं असलेल्यांना ऑपरंट कंडिशनिंगचे, म्हणजे बक्षिसातून शिकवण्याचे, बारकावे किरकोळ वाटतात आणि नेमके तिथेच गुण जातात. मग बहुतेक जण एकच मार्ग धरतात: जे येत नाही ते घोकायचं.

घोकण्यासारखं काही आहेच, त्याबद्दल पुढे सांगतो. पण या विषयाचा कणा पाठांतरात नाही. पडद्यावर एखादा आकडा दिसला की तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. हा सिग्नल शरीरात कुठून निघाला? तिथून पडद्यापर्यंत येताना त्याचं काय काय झालं? आणि शेवटी जे दिसतंय ते नेमकं कशाचं माप आहे? परीक्षेतले अवघड वाटणारे बहुतेक प्रश्न या तीनपैकी एका प्रश्नात मोडतात. पुढची सगळी तयारी मी याच धाग्यावर मांडली आहे.

आधी आराखडा, मग पुस्तकं

या क्षेत्रात सर्वांत जास्त मान्यता असलेलं सर्टिफिकेशन म्हणजे बायोफीडबॅक सर्टिफिकेशन इंटरनॅशनल अलायन्सचं, म्हणजे बीसीआयएचं. ही संस्था १९८१ सालची. तिची मुख्य सर्टिफिकेशन्स दोन: सर्वसाधारण बायोफीडबॅकचं बीसीबी आणि न्यूरोफीडबॅकचं बीसीएन. हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (हृदयाच्या ठोक्यांच्या गतीतला चढउतार) आणि ओटीपोटाच्या तळाच्या (पेल्व्हिक) स्नायूंसाठी वेगळी सर्टिफिकेशन्स आहेत. बीसीबीसाठी ४२ तासांचं, तर बीसीएनसाठी ३६ तासांचं मान्यताप्राप्त शिक्षण लागतं. त्याशिवाय मेंटॉरच्या देखरेखीखाली काम करावं लागतं: स्वतः प्रशिक्षण घेणं, क्लायंटची सत्रं घेणं, केस सादर करणं. लेखी परीक्षा बहुपर्यायी असते आणि तिच्यात १०० प्रश्न असतात. पात्रतेच्या अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी संस्थेच्या चालू नियमावलीवरून एकदा नजर फिरवा.

बीसीआयए 'ब्लूप्रिंट ऑफ नॉलेज' नावाचा आराखडा प्रसिद्ध करते. परीक्षेत काय येऊ शकतं ते त्यात मुद्द्यांसकट दिलेलं असतं. बीसीबीच्या आराखड्यात आठ विभाग आहेत: विषयाची ओळख, ताण आणि आजार, सायकोफिजिओलॉजिकल रेकॉर्डिंग, स्नायूंचं ईएमजी (त्यांची विद्युत हालचाल मोजणं), स्वायत्त मज्जासंस्था, मेंदूलहरी, पूरक उपचार आणि व्यावसायिक वर्तन. बीसीएनचा भर अर्थातच न्यूरोअॅनाटॉमी (मेंदूची रचना), ईईजीची म्हणजे मेंदूलहरी मोजण्याची उपकरणं, मूल्यमापन, प्रोटोकॉल, औषधांचे परिणाम आणि संशोधनाचा पुरावा यांवर असतो.

पहिल्या दिवशी हा आराखडा छापून घ्या आणि प्रत्येक मुद्द्यापुढे एक खूण करा: हे मी दुसऱ्याला पाच मिनिटं समजावून सांगू शकतो, हे ऐकलंय पण सांगता येणार नाही, हे माहीतच नाही. तुमचा खरा अभ्यास मधल्या गटात आहे. जे माहीतच नाही ते माणूस आपणहून वाचतो. 'ऐकलंय' या गटाकडे मात्र दुर्लक्ष होतं, आणि बहुपर्यायी परीक्षेतले चुकीचे पर्याय अशाच अर्धवट माहितीवर बेतलेले असतात.

शरीरातून निघणारे सिग्नल

स्नायूंपासून सुरुवात करू, कारण तिथे सगळं डोळ्यांना दिसतं. पृष्ठभागावरच्या ईएमजीत आपण स्नायूंच्या तंतूंमधून धावणारे अॅक्शन पोटेन्शियल, म्हणजे क्षणिक विद्युत स्पंदनं, त्वचेवरून मोजतो. स्नायूचा जोर किंवा ताण थेट मोजला जात नाही, त्याच्या विद्युत हालचालीवरून अंदाज बांधला जातो. हा सिग्नल साधारण २० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. आता एक प्रश्न सोडवून बघा. एकाच माणसाच्या मानेखांद्यावरच्या एकाच ट्रॅपेझियस स्नायूचं रीडिंग एका यंत्रावर २ मायक्रोव्होल्ट आलं, दुसऱ्यावर ५. माणूस तितकाच सैल बसलाय. फरक कशाचा?

घोकलेल्या ज्ञानातून 'दुसरं यंत्र बिघडलंय' असं उत्तर सुचतं. माग काढला तर कळतं की पहिल्या यंत्राचा फिल्टर १०० ते २०० हर्ट्झचा अरुंद पट्टाच आत घेत होता आणि दुसऱ्याचा २० ते ५००. स्नायूची बरीचशी ऊर्जा १०० हर्ट्झच्या खाली असते, ती पहिल्या यंत्रानं वाटेतच गाळून टाकली. मग अरुंद पट्टा वापरायचाच कशाला? कारण खांद्याजवळ किंवा छातीजवळ हृदयाचा सिग्नल ईएमजीत घुसतो आणि तो मुख्यतः खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो. तो टाळायचा तर खालची मर्यादा वर न्यावी लागते. त्याची किंमतही मोजावी लागते: स्नायू थकला की त्याचा स्पेक्ट्रम खाली सरकतो, आणि अरुंद फिल्टरला तो बदल नीट दिसत नाही. दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर वाढवलं तर आसपासच्या स्नायूंचा सिग्नलही गोळा होतो. ही कारणं एकदा समजली की ईएमजीवरचे प्रश्न कसेही फिरवून विचारले तरी सुटतात.

त्वचेचं तापमान आणि त्वचेची वाहकता हे दोन सिग्नल पुस्तकांत शेजारी शेजारी येतात, म्हणून त्यांचं शरीरशास्त्र एकच आहे असा समज होतो. तसं नाही. बोटाचं तापमान बदलतं ते लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले मऊ स्नायू आकुंचन पावतात किंवा सैल होतात म्हणून. सिंपथेटिक, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या, मज्जातंतूंची हालचाल वाढली की वाहिन्या आक्रसतात आणि बोट गार पडतं. ती हालचाल कमी झाली की वाहिन्या रुंदावतात आणि बोट गरम होतं. 'हात गरम होणं म्हणजे पॅरासिंपथेटिक उत्तेजना' हा पर्याय फार लोभस दिसतो आणि चुकीचा आहे. बोटांच्या या वाहिन्यांना पॅरासिंपथेटिक, म्हणजे शरीर शांत करणाऱ्या मज्जातंतूंचा, पुरवठाच नसतो. तिथे फक्त सिंपथेटिकची पकड सैल होते.

वाहकता येते तळहातावरच्या एक्राइन घामग्रंथींमधून आणि मायक्रोसिमेन्समध्ये मोजली जाते. इथे दुसरा खड्डा आहे. या ग्रंथींना मिळणारा पुरवठा सिंपथेटिकच, पण शेवटच्या टोकाला जे रसायन सुटतं ते नॉरएपिनेफ्रिन नसून अॅसिटिलकोलीन असतं. एवढ्या एका मुद्द्यावर अनेकांचे गुण गेलेले आहेत.

हृदय आणि श्वासाचा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून त्याला थोडा जास्त वेळ द्या असा आग्रह आहे. हृदयाचा ताल ठरवणारा त्यातला एसए नोड एकटा सोडला तर मिनिटाला सुमारे १०० ठोके देतो. निवांत बसलेल्या माणसाचे ठोके त्याहून कमी असतात ते व्हेगस या पॅरासिंपथेटिक मज्जातंतूच्या लगामामुळे. श्वास आत घेताना हा लगाम थोडा सैल होतो आणि ठोके वाढतात, श्वास सोडताना तो आवळला जातो आणि ठोके कमी होतात. यालाच रेस्पिरेटरी सायनस अॅरिथमिया म्हणतात. व्हेगसचा परिणाम जलद होतो, सिंपथेटिकचा हळू. म्हणून वेगवान चढउतार मुख्यतः व्हेगसचे असतात.

यातून ठोक्यांच्या चढउताराचे फ्रिक्वेन्सीचे पट्टे येतात: हाय फ्रिक्वेन्सी ०.१५ ते ०.४० हर्ट्झ, लो फ्रिक्वेन्सी ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ. बरेच विद्यार्थी 'हाय म्हणजे व्हेगस, लो म्हणजे सिंपथेटिक' असं पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नात अडकतात. समजा, क्लायंट मिनिटाला ६ श्वासांच्या गतीनं सावकाश श्वास घेतोय आणि त्याची लो फ्रिक्वेन्सी ऊर्जा एकदम वाढली. त्याचा ताण वाढला का? मिनिटाला ६ श्वास म्हणजे ०.१ हर्ट्झ. श्वासामुळे होणारा चढउतार आता लो फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात येऊन पडलाय. त्या वाढीमागे श्वासाशी जुळलेली व्हेगसची लय आणि रक्तदाब सांभाळणारा बॅरोरिफ्लेक्स आहे. गणित स्वतः करून बघा: मिनिटाला ९ पेक्षा कमी श्वास म्हणजे ०.१५ हर्ट्झच्या खाली. याच भागात पॉल लेरर आणि एव्हगेनी वाशिलो यांच्या रेझोनन्स फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे ज्या श्वासगतीला ठोक्यांचा चढउतार सर्वांत मोठा होतो तिच्यावरच्या, कामाची ओळख करून घ्या. बहुतेक प्रौढांची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी मिनिटाला साधारण ४.५ ते ६.५ श्वासांच्या दरम्यान सापडते, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते म्हणूनच ती मोजावी लागते.

कॅप्नोमेट्री, म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणं, थोडक्यात: श्वास सोडतानाच्या शेवटी कार्बन डायऑक्साइड साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असावा. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की तो खाली जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहजी सोडत नाही. 'खोल श्वास घ्या' ही सूचना प्रत्येक वेळी बरोबर का नसते, याचं उत्तर इथे आहे.

मेंदूचा सिग्नल

ईईजीबद्दल एक गोष्ट मनात कोरून ठेवा: टाळूवर जे मोजलं जातं ते न्यूरॉनचे अॅक्शन पोटेन्शियल नसतात. कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) पिरॅमिडल पेशी एकमेकींना समांतर उभ्या असतात, आणि त्यांच्या डेंड्राइटवर (पेशीच्या फांद्यांवर) इतर पेशींच्या संदेशांमुळे येणारे, तुलनेनं सावकाश पोस्टसिनॅप्टिक पोटेन्शियल एकत्र जमून टाळूपर्यंत पोचतात. हजारो पेशी एकाच वेळी एकाच तालात चालल्या तर लहर उंच दिसते, प्रत्येकीनं आपापला ताल धरला तर ती बुटकी होते. लहर उंच म्हणजे मेंदू जास्त कामात, असा सरळ हिशेब इथे चालत नाही.

हेच अल्फाच्या बाबतीत लागू होतं. डोळे मिटल्यावर मागच्या भागात, ओ१ आणि ओ२ वर (टाळूवरच्या जागांची ही नावं पुढे येतील), अल्फा वाढतो आणि डोळे उघडताच पडतो. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. तेव्हापासून हे ठाऊक आहे. आता प्रश्न: एखाद्याच्या डाव्या पुढच्या भागात उजव्यापेक्षा अल्फा जास्त आहे. कुठला भाग कमी सक्रिय मानला जाईल? डावा. जिथे अल्फा जास्त, तिथे काम कमी, हा उलटा संबंध लक्षात नसेल तर नैराश्याशी संबंधित असिमेट्रीचे सगळे प्रश्न उलटे सुटतात.

पट्टे मात्र पाठच करा: डेल्टा सुमारे १ ते ४ हर्ट्झ, थीटा ४ ते ८, अल्फा ८ ते १२, सेन्सरीमोटर ऱ्हिदम म्हणजे एसएमआर १२ ते १५, त्यावर बीटा, आणि ३० च्या पुढे कुठेतरी गॅमा. वेगवेगळ्या पुस्तकांत सीमा एखाद्या हर्ट्झनं सरकतात, त्यानं घाबरू नका. एसएमआर आणि लो बीटा यांचे आकडे जवळपास एकच असले तरी जागा महत्त्वाची: १२ ते १५ हर्ट्झची लहर सेन्सरीमोटर पट्टीवर, म्हणजे सी३, सीझेड, सी४ च्या ओळीत असेल तरच तिला एसएमआर म्हणतात.

यंत्राला घाबरू नका

उपकरणांचा भाग टाळून परीक्षेला जाणारे बरेच असतात. हा भाग खरं तर गुण मिळवायला सगळ्यात सोपा, कारण त्यात मतमतांतरं नाहीत.

डिफरन्शियल अॅम्प्लिफायरपासून सुरुवात करा. अॅक्टिव्ह आणि रेफरन्स या दोन इलेक्ट्रोडवरचा सिग्नल ग्राउंडच्या तुलनेत घेतला जातो आणि एकातून दुसरा वजा केला जातो. दोन्हीकडे जे सारखंच आहे, उदाहरणार्थ विजेच्या तारांमधून येणारा ५० किंवा ६० हर्ट्झचा गोंगाट, ते वजाबाकीत जातं. ही वजाबाकी किती चोख होते ते कॉमन मोड रिजेक्शन रेशो सांगतो. १०० डेसिबल म्हणजे १,००,००० ला १.

आता इम्पीडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्या जोडातला विद्युत अडथळा. सगळ्यांना 'पाच किलोओहमच्या खाली' हे पाठ असतं. का, हे फार थोड्यांना सांगता येतं. एका इलेक्ट्रोडखालची त्वचा नीट साफ झाली आणि दुसऱ्याखालची नाही, तर बाहेरचा गोंगाट दोन्ही बाजूंनी सारखा आत येत नाही. मग वजाबाकी करूनही तो उरतो. म्हणजे इम्पीडन्स कमी असण्याइतकंच दोन्हीकडचा इम्पीडन्स जवळपास सारखा असणं महत्त्वाचं. पडद्यावर अचानक ५० किंवा ६० हर्ट्झचा उंच खांब दिसला तर आधी नॉच फिल्टर (तेवढी एकच फ्रिक्वेन्सी गाळणारा) लावायचा की इलेक्ट्रोड तपासायचा, या प्रश्नाचं उत्तर इथून निघतं: इलेक्ट्रोड तपासायचा.

सॅम्पलिंगचा नियम छोटा आहे. सेकंदाला २५६ नमुने घेतले तर १२८ हर्ट्झपर्यंतच्याच लहरी खऱ्या दिसतात. त्यावरच्या लहरी खालच्या फ्रिक्वेन्सीचा मुखवटा घालून येतात, त्याला एलियासिंग म्हणतात.

माँटाज, म्हणजे इलेक्ट्रोडच्या जोडणीची पद्धत, हा विषय कागद-पेन्सिल घेऊन शिका. रेफरन्शियल जोडणीत एक इलेक्ट्रोड कानासारख्या तुलनेनं शांत जागी असतो. बायपोलर जोडणीत दोन्ही इलेक्ट्रोड टाळूवर असतात आणि पडद्यावर दिसतो तो त्यांच्यातला फरक. सी३ आणि सी४ यांच्यात बायपोलर प्रशिक्षण चाललंय आणि बीटा वाढताना दिसतोय. सी३ वर वाढला, सी४ वर कमी झाला, की दोन्हीकडच्या लहरींचा ताल एकमेकांपासून सुटला? या एका रीडिंगवरून सांगता येत नाही. दोन लहरी कागदावर काढा, एकदा तालात आणि एकदा विरुद्ध तालात, आणि वजाबाकी करून बघा. तालातल्या लहरी सपाट होतात, विरुद्ध तालातल्या दुप्पट होतात. एवढं एकदा हातानं केलं की माँटाजचे प्रश्न कायमचे सुटले.

डोकं मोजा

हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेली १०–२० पद्धत पुस्तकातल्या चित्रावरून पाठ होते, पण समजते ती खऱ्या डोक्यावर. कापडी मोजपट्टी आणि त्वचेवर चालणारी पेन्सिल घ्या, कुणाला तरी समोर बसवा, परवानगी घ्या. नाकाच्या मुळाशी जो खोलगट बिंदू आहे तो नेझियन, आणि डोक्याच्या मागे हाताला लागणारा उंचवटा तो इनियन. दोघांमधलं अंतर ३६ सेंटीमीटर भरलं असं धरा. पहिल्या १० टक्क्यांवर, म्हणजे ३.६ सेंटीमीटरवर, एफपीझेड. तिथून दर २० टक्क्यांनी पुढची जागा: एफझेड १०.८ वर, सीझेड बरोबर मध्ये १८ वर, पीझेड २५.२ वर, ओझेड ३२.४ वर, आणि उरलेले १० टक्के इनियनपर्यंत.

मग एका कानाच्या पुढच्या खळगीपासून दुसऱ्या कानाच्या खळगीपर्यंत, सीझेडवरून. ३४ सेंटीमीटर असेल तर टी३ येतो ३.४ वर, सी३ येतो १०.२ वर, सीझेड १७ वर. विषम आकडे डावीकडे, सम उजवीकडे, आणि मधल्या रेषेवर झेड. नव्या नावांत टी३ चा टी७ आणि टी४ चा टी८ होतो, टी५ चा पी७ आणि टी६ चा पी८. ही चार नावं प्रश्नात कुठल्याही रूपात येऊ शकतात, दोन्ही ओळखता आली पाहिजेत.

प्रत्येक जागेखाली मेंदूचा कुठला भाग आहे आणि तो काय काम करतो, हे त्याच बैठकीत मोठ्यानं बोलत जा. बोट पीझेडवर ठेवून पराइटल लोबबद्दल बोललेलं जितकं लक्षात राहतं तितकं वाचलेलं राहत नाही.

आर्टिफॅक्ट ओळखणं

आर्टिफॅक्ट म्हणजे मेंदूचा नसूनही ईईजीत घुसलेला सिग्नल. बीसीएनच्या तयारीत कच्च्या ईईजीकडे बघायला रोज थोडा वेळ ठेवा, फक्त रंगीत आलेखांकडे नको. डोळ्याची पापणी लवली की एफपी१ आणि एफपी२ वर मोठी, हळू लाट उठते, कारण डोळ्याचा पुढचा कॉर्निया मागच्या दृष्टिपटलाच्या (रेटिनाच्या) तुलनेत धन असतो आणि डोळा हलला की ते विद्युत क्षेत्र सरकतं. सॉफ्टवेअर ती लाट डेल्टा किंवा थीटा म्हणून मोजून टाकतं. जबडा आवळला की टी३ आणि टी४ वर बारीक, दाट, काटेरी सिग्नल येतो आणि तो बीटात मोजला जातो. घामानं अगदी सावकाश तरंगणारी रेषा येते. हृदयाच्या ठोक्याचा खुंटा नियमित अंतरानं दिसतो.

क्लायंटचा पुढच्या भागातला थीटा खूप जास्त आला, असं लिहिलेला प्रश्न वाचताना पहिला विचार रोगाचा येऊ नये. पापण्यांचा यावा.

शिकण्याचे नियम

बायोफीडबॅकमध्ये माणूस शिकतो, यंत्र त्याला काही करत नाही. म्हणून ऑपरंट कंडिशनिंग, शेपिंग (पायरीपायरीनं घडवणं), जनरलायझेशन (शिकलेलं दुसरीकडेही वापरता येणं), एक्स्टिंक्शन (बक्षीस थांबल्यावर शिकलेलं विरणं) हे शब्द प्रत्यक्ष सत्राशी जोडून समजून घ्या. बक्षिसाची मर्यादा, म्हणजे थ्रेशोल्ड, फार कठीण ठेवला तर क्लायंट हरतो, फार सोपा ठेवला तर शिकण्यासारखं काही उरत नाही. आणि सॉफ्टवेअरनं थ्रेशोल्ड आपोआप सरकवत ठेवला तर काय होतं? क्लायंटची कामगिरी घसरत असताना मर्यादाही त्याच्यामागे खाली येते आणि घसरणीलाही बक्षीस मिळत राहतं. आपोआप चालणाऱ्या थ्रेशोल्डचा हा दोष मी प्रत्येक नव्या माणसाला आवर्जून सांगतो, कारण परीक्षेपेक्षा पुढे क्लिनिकमध्ये तो जास्त नुकसान करतो. निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षा नव्हे, तर नकोशी गोष्ट काढून घेऊन वागणूक वाढवणं; ही जुनी गल्लतही एकदा पक्की मिटवून टाका.

इतिहास आणि पुरावा

इतिहासात थोडीच नावं लागतात. जॉन बस्माजियन यांनी १९६३ मध्ये दाखवलं की माणूस एकेका मोटर युनिटवर (एक मज्जापेशी आणि ती चालवते ते स्नायूतंतू) ताबा मिळवू शकतो. जो कामिया यांनी अल्फा ओळखायला आणि वाढवायला लोकांना शिकवलं. नील मिलर यांनी आतल्या अवयवांचंही कंडिशनिंग होतं असा दावा केला. त्यांचे उंदरांवरचे निकाल पुढे पुन्हा तसे मिळाले नाहीत, तरी त्या कामानं क्षेत्राला गती दिली. बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना एसएमआर वाढवायला शिकवलं, आणि रॉकेटच्या इंधनातल्या विषारी रसायनाचा प्रयोग करताना दिसलं की शिकलेल्या मांजरांना झटके सहजी येत नाहीत. त्यातून १९७२ मध्ये अपस्माराच्या रुग्णावरचा अहवाल आला. जोएल लुबार यांनी १९७६ मध्ये हेच अतिचंचल मुलाकडे वळवलं. ही साखळी गोष्टीसारखी लक्षात ठेवा.

पुराव्याचे पाच स्तर मात्र शब्दशः यायला हवेत: पुराव्याचा आधार नाही, कदाचित परिणामकारक, बहुधा परिणामकारक, परिणामकारक, आणि पाचवा परिणामकारक व विशिष्ट. प्रत्येक पायरीवर काय वाढतं ते समजून घ्या: नियंत्रित गट, यादृच्छिक विभागणी, वेगळ्या ठिकाणी पुनरावृत्ती, आणि शेवटी बनावट उपचारापेक्षा सरस ठरणं. न्यूरोफीडबॅक शिकणाऱ्यानं प्रतिकूल निकालही वाचायलाच हवेत. एडीएचडीवर (अवधान टिकत नाही आणि चंचलपणा असतो तो विकार) थीटा-बीटा प्रशिक्षणाची एक मोठी, दुहेरी अंध चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात खऱ्या आणि बनावट प्रशिक्षणाच्या दोन्ही गटांत सुधारणा झाली, पण अवधानाच्या मुख्य मापात दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. आपल्या क्षेत्राबद्दल आस्था असलेल्या माणसानं हे डोळे उघडे ठेवून वाचावं. क्लायंटला काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, हे त्यातूनच ठरतं.

औषधं आणि आचारसंहिता

औषधांत बेन्झोडायझेपीनमुळे (चिंता कमी करणारी, झोप आणणारी औषधं) बीटा वाढतो, एवढं तरी झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे. दुसरा मुद्दा असा: प्रशिक्षणानं शरीर शांत होऊ लागलं की रक्तदाबाच्या औषधाची किंवा इन्सुलिनची गरज कमी होऊ शकते. आपण डोस बदलायचा नाही. औषध देणाऱ्या डॉक्टरांना कळवायचं, आणि हे शक्यतो प्रशिक्षण सुरू करण्याआधीच ठरवून ठेवायचं.

आचारसंहितेचे प्रश्न प्रसंग देऊन विचारले जातात. सेन्सर लावण्यासाठी स्पर्श करण्यापूर्वी समजावून सांगणं आणि परवानगी घेणं, गोपनीयता, आपल्या पात्रतेबाहेरच्या तक्रारीवर उपचार न करणं, क्लायंटशी दुहेरी नातं टाळणं, त्वचा साफ करायच्या वस्तू दुसऱ्या क्लायंटसाठी न वापरणं. दोन पर्याय बरोबर वाटले तर जो क्लायंटला जास्त सुरक्षित ठेवतो आणि आपल्या मर्यादेत राहतो, तो आधी तपासा.

स्वतःच्या शरीरावर अभ्यास

मेंटॉरशिपमध्ये स्वतः प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते अट म्हणून उरकू नका. सेन्सर स्वतःला लावा, दात आवळा, पापण्या मिटा, मनातल्या मनात अवघड बेरीज करा, खोकला काढा, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर काय बदललं ते वहीत लिहा. बेरीज करताना वाहकता एक ते तीन सेकंदांनी वर उसळते, तर बोटाचं तापमान बदलायला कितीतरी जास्त वेळ लागतो. हा फरक पुस्तकात एका ओळीत असतो. स्वतःच्या बोटावर पाहिला की त्यावरचा प्रश्न वाचायच्या आधीच उत्तर हातात असतं.

वेळापत्रक आणि सराव

नोकरी सांभाळून बारा आठवडे पुरतात. पहिले सहा सिग्नल आणि उपकरणांना द्या, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. पुढचे तीन मूल्यमापन, प्रोटोकॉल, औषधं आणि पुराव्याला. दहाव्या आठवड्यापासून फक्त सराव प्रश्न आणि उजळणी. कार्ड करायची असतील तर आकडे, एकक आणि नावं यांचीच करा. 'का' या प्रश्नाची उत्तरं कार्डावर मावत नाहीत, ती कोऱ्या कागदावर आकृती काढून लिहा.

चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: माहीत नव्हतं, माहीत होतं पण उलटं आठवलं, की प्रश्नातला 'नाही' किंवा 'सर्वांत आधी' हा शब्द निसटला. तिसऱ्या प्रकारच्या चुका जास्त निघाल्या तर आणखी वाचून काही होणार नाही, सावकाश वाचायचा सराव हवा. अभ्यासाला सोबती मिळाला तर फारच छान. एकानं रीडिंग सांगायचं, दुसऱ्यानं ते शरीरातून पडद्यापर्यंत मोठ्यानं समजावायचं. जिथे वाक्य अडखळतं तिथे दुसऱ्या दिवशीचा अभ्यास.

प्रश्नपत्रिका हातात आल्यावर पहिल्या फेरीत येणारे प्रश्न संपवा, अडलेल्यांवर खूण करून पुढे जा. आकड्यांचे प्रश्न असतील तर एकक आधी बघा: हर्ट्झ आहे की मिनिटाला श्वास, मायक्रोव्होल्ट की मायक्रोसिमेन्स. दुसऱ्या फेरीत खूण केलेल्या प्रश्नांना तेच तीन प्रश्न विचारा आणि न जुळणारे पर्याय खोडत जा. ठोस कारण सापडल्याशिवाय आधी दिलेलं उत्तर बदलू नका. पास झालात तर सर्टिफिकेशन चार वर्षांसाठी असतं, म्हणून निरंतर शिक्षणाचे तास पहिल्या वर्षापासूनच नोंदवत चला. नाही झालात, तर कुठल्या विभागात कमी पडलो ते पाहून आराखड्यावर नव्यानं खुणा करा आणि त्याच विभागापासून सुरुवात करा.